सुकेळीची पारख

आगाशीच्या बाजारात नरहरीभाऊंची सुकेळी घेताना गिऱ्हाईक कधी नमुना मागत नसे. प्रत्येक ताटीतलं एक केळं स्वतः चाखल्याशिवाय हा माणूस पुडा बांधत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पिकलेली राजेळी केळी सोलून बांबूच्या ताटीवर उन्हात घालायची, संध्याकाळी पानांत गुंडाळून ठेवायची, सकाळी पुन्हा उन्हात. आठवडाभर असं चाललं की केळं आखडून मधाच्या रंगाचं होतं. पण उचलायचं नेमकं कधी? एक दिवस आधी उचललं तर बुरशी धरते, एक दिवस उशीर झाला तर चामडं होतं. "डोळा फसतो, जीभ फसत नाही," असं त्यांचे वडील सांगत. म्हणून दिवाळीनंतर नरहरीभाऊ रोज संध्याकाळी सात ताट्यांपुढे उकिडवे बसत आणि प्रत्येकीतला एक तुकडा डोळे मिटून चघळत.

१९७९च्या उन्हाळ्यात त्यांना मधुमेह निघाला. आळीत कुणाला ते खरं वाटेना. साखरेचा रोग गादीवर बसणाऱ्या शेटजींचा. पहाटेपासून वाडीला पाणी लावणाऱ्याला तो कसा होईल? डॉक्टरांच्या ओसरीवर मात्र नंदाखाल गावचे निकोलस भेटले. तेही वाडीवालेच.

"या, नरहरीभाऊ! आमच्या पंगतीत बसलात का?" निकोलस हसले. "पान मांडलंय, पण वाढायला काही नाही हां."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि घरी लघवी तपासायची रीत शिकवली. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, आठ थेंब टाकायचे, चिमट्यात धरून उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम. विटकरी झालं तर साखर फार.

नरहरीभाऊंनी पथ्य मनापासून पाळलं. चहा बिनसाखरेचा, भात निम्मा. गणपतीत मोदकाचं ताट समोरून गेलं तरी हात मांडीवरच राहिला. पावसाळाभर नळी निळी, फार तर हिरवट. मग दिवाळी झाली, ताट्या मांडल्या, आणि नळी विटकरी होऊ लागली. औषध जुनं झालं असेल म्हणून त्यांनी नवी बाटली आणली. तीही विटकरीच.

एका सकाळी प्रेमलाबाईंना सारवलेल्या ओटीवर रक्ताचे ठसे दिसले. विहिरीपासून थेट चुलीपर्यंत.

"अहो, पाय बघा!"

तळव्यात बाभळीचा काटा मोडून बसला होता. किती दिवसांचा कोण जाणे. नरहरीभाऊंना काही जाणवलंच नव्हतं.

जखम चिघळली. डॉक्टरांनी पट्टी सोडून जखम दाबून पाहिली.

"साखर उतरली नाही तर दोन बोटं काढावी लागतील. कदाचित पाऊलही. खरं सांगा, गोड काय खाता?"

"देवाशपथ, साखरेचा कण नाही."

परतताना टांग्यात प्रेमलाबाई हळूच म्हणाल्या, "आणि सुकेळी?"

"त्यात कुठे साखर घालतो आपण? ते ऊन आहे, प्रेमला."

"ऊन आहे ना? मग ताट्यांच्या खुंटांभोवती रोज राख कशाला घालते मी? मुंग्या काय ऊन खायला येतात?"

आगाशीचं तळं आल्यावर नरहरीभाऊ म्हणाले, "मी चाखलं नाही तर पुडा कसा बांधू? लोक माझ्या जिभेवर नेतात."

"जीभ मलाही आहे."

"तुला पारख नाही."

"एकोणतीस वर्षं माझ्या हातची आमटी ओरपताय, आणि मला पारख नाही?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नरहरीभाऊ पाय पाटावर ठेवून बसले आणि ताटीपुढे प्रेमलाबाई.

"दाताला चिकटतंय?"

"थोडं."

"गिळल्यावर काय येतं?"

"गोड."

"गोड ते मुंगीलाही कळतं गं! मागून किंचित आंबूस लागतं का?"

"नाही बाई."

"मग उद्या."

तिसऱ्याच आठवड्यात त्या चुकल्या. दोन ताट्यांना बुरशी आली. प्रेमलाबाई पदर तोंडाला लावून रडू लागल्या, तेव्हा नरहरीभाऊ लंगडत आले.

"मी शिकताना चार नासवल्या होत्या. वडील काही रडले नाहीत."

"मग काय केलं त्यांनी?"

"मला बदडलं."

रडता रडता त्यांना हसू फुटलं.

महिन्याभरात नळी हिरवी झाली, मग निळी. जखम दाण्यादाण्याने भरत गेली. शिमग्यापर्यंत एका बोटाचं नख तेवढं गेलं होतं. पाऊल जागेवर होतं.

हंगामातली शेवटची ताटी होती. प्रेमलाबाईंनी तुकडा तोंडात टाकला. नरहरीभाऊ आता केळ्याकडे बघतच नसत, प्रेमलाबाईंच्या चेहऱ्याकडे बघत. त्या चघळत होत्या. कपाळावरची आठी हळूहळू मोकळी झाली.

"झालं. उचला आता," ते म्हणाले.

"अहो, मी अजून बोलले कुठे?"

"कळलं मला."

प्रेमलाबाईंनी ताटीतला आणखी एक तुकडा मोडला.

"हा कशाला?"

"तुमच्या वाटचा," प्रेमलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटून तो सावकाश चघळला. त्यांचा घास पुरता संपेपर्यंत नरहरीभाऊ थांबले. मग त्यांनी वाळलेलं पान पुढे ओढलं आणि पुडा बांधायला घेतला.