तुमचं काम एका ओळीत

दुबईच्या आमच्या बांधकाम कंपनीत जेवणाच्या टेबलावर आम्ही चौघं असायचो: मॅसेडोनियाचा ड्राफ्ट्समन, मंगोलियाची इंजिनिअर, रशियाची रिसेप्शनिस्ट आणि पुण्याचा मी. एकदा लक्षात आलं की या तिघांच्याही भाषेत शब्दाच्या शेवटी 'च' लागला की ते काम करणारा माणूस तयार होतो. मॅसेडोनियात स्वयंपाकी म्हणजे गोत्वाच, मंगोलियात डॉक्टर म्हणजे एम्च, रशियात व्हायोलिनवाला म्हणजे स्क्रिपाच. मी कसला मागे राहतोय? आमचे नगारची आणि तोफची पुढे केले. हे सगळे 'च' आणि आमचा 'ची' खरे भाऊ की नुसते आडनावबंधू, याची चौकशी न करता आम्ही डबे संपेपर्यंत माणसं तयार करत बसलो.

मग २००८ची मंदी आली आणि माणसं कमी करायची वेळ आली. लेबनीज मॅनेजरने फॉर्म वाटला: तुमचं काम एका ओळीत लिहा. कोण राहणार आणि कोण जाणार, ते यावरून ठरणार होतं. अल नहदातला फ्लॅट, मुलीची शाळा, सगळं त्या ओळीवर होतं. तिघांनी दोन मिनिटांत ठसठशीत लिहून टाकलं. मी पडलो मराठी मध्यमवर्गीय. आपल्या तोंडाने आपलं कौतुक करू नये, हे बाळकडूतच मिळालेलं. मी लिहिलं, 'सर्वांना थोडीफार मदत.' साहेबाला ठाऊक आहेच की!

साहेबाला ठाऊक नव्हतं. रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, नोकरी संपल्याचं पत्र हातात पडलं.

"हबीबी, हेल्प तर इथे सगळेच करतात," तो म्हणाला. "खलास."

जाण्याआधी काम सोपवायचं होतं म्हणून यादी करायला बसलो. ड्रॉइंगच्या नोंदी, परवान्यांच्या तारखा, पालिकेतले हेलपाटे, मजुरांच्या व्हिसाच्या फायली. चौदा पानं झाली. ती वाचून मॅनेजरने चष्मा काढला.

"हे आधी का नाही लिहिलंस?"

आता काय सांगणार, कपाळ! तोवर माझा व्हिसा रद्द करायला गेला होता.

घरी सामान भरताना बायकोने माझ्याकडच्या प्रतीतली ती पानं वाचली. एकेक करून, खाली बसून.

"एवढं सगळं तू एकटा करत होतास?" ती म्हणाली. "मग त्या फॉर्मवर लिहायला काय धाड भरली होती?"

आणि ती रडायला लागली. मला हसू येत होतं, लाजही वाटत होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि मी दिवसभर काय करतो ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.