तुळजाबाई दोघी होत्या

अणदूरच्या अयोध्याला शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला ओळीनं हुकूम द्यायची लिखावट, कुणी शिकवली नाही. मेंढरांमागं फिरताना मोबाइलवर बघून बघून ती शिकली आणि गावातल्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली. तिथं रिपोर्ट पाठवायला तिनं स्वतःची स्क्रिप्ट लिहिली. मोबाइल नंबर एका साध्या यादीत, म्हणजे अ‍ॅरेत, ओळीनं. रिपोर्ट नावानं ओळखायच्या यादीत, म्हणजे असोसिएटिव्ह अ‍ॅरेत, ज्याच्या त्याच्या नावाखाली.

त्या सोमवारी दुपारी तेवीस मेसेज गेले. मग यंत्रातले कागद लावून ठेवताना तिच्या हाती चौथ्या नमुन्याचा कागद आला. साखर ५१२. पाठवलेल्या मेसेजांत ५१२ कुठंच नव्हतं.

वहीत दोनदा लिहिलं होतं, 'तुळजाबाई, अणदूर'. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, विचारलं की पदर तोंडाला लावतात. म्हणून अयोध्यानं नुसतं नाव-गाव घेतलं होतं. असोसिएटिव्ह अ‍ॅरेत एका नावाला एकच जागा. दुसऱ्या तुळजाबाईंची १०४ आली आणि पहिलीची ५१२ निमूट पुसली गेली. दोघींनाही मेसेज गेला, साखर ठीक.

चौथ्या नंबरवर, पहिल्या तुळजाबाईंना, तिनं फोन लावला. बंद. तिनं स्कूटी काढली आणि विचारत विचारत त्यांचा मळा गाठला.

मळ्यातल्या घरापुढं सून वर्षाराणी शेंगा निवडत होती.

"वहिनी, सासूबाई कुठंयत?"

"झोपल्यात. तुझा मेसेज ऐकून लई खूश! दोन पुरणपोळ्या हाणल्या. त्या पोरीला बी एक ठेव म्हणल्या."

"वहिनी, मेसेज चुकलाय."

वर्षाराणीच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

आत तुळजाबाई बाजेवर होत्या. ओठ वाळलेले, श्वास खोल खोल. हाक मारली, हलवलं. डोळे उघडेनात.

शेजाऱ्यांच्या जीपमधून दवाखाना गाठला. वाटेत वर्षाराणी अयोध्याकडं पाठ करून बसली. अयोध्या म्हातारीचा पाय धरून बसली होती. पाय गरम आहे, एवढंच ती मनाशी म्हणत राहिली.

डॉक्टरांनी विचारायच्या आधीच ती बोलली, "साखर पाचशे बारा. रिपोर्ट चुकीचा गेला. चूक माझी."

"आकडा आणलास ते बरं केलंस," डॉक्टर म्हणाले आणि सुई लावली. "आता काही सांगता येत नाही. थांबा."

अयोध्या भिंतीला टेकून उभी राहिली. दार हललं की दोन पावलं पुढं व्हायची.

दिवस कलल्यावर आतून खरखरीत आवाज आला, "पाणी गं."

वर्षाराणी धावत आत गेली. परत आली ती डोळे पुसत. बाकावर बसली, जरा सरकली.

"बस की. उभी किती राहशील?"