वाताचं दुखणं

गोजरबाईंना वात कधीच नव्हता. पण आमच्या भागात आजही त्यांचा विषय निघाला, तर वातानं अंथरुणाला खिळलेली बाई अशीच आठवण निघते. ती आठवण त्यांच्या घरच्यांनी तयार केली.

घोडेगावहून नेवाशाकडे जाताना रस्त्याच्या कडेला श्रीमंतरावांची वस्ती होती आणि बांधाला बांध लागून आमची. सत्तर साली मी लग्न होऊन आले, तेव्हा श्रीमंतरावांच्या बायकोला, म्हणजे गोजरबाईंना, मुंबईला नेलेलं होतं. गालाच्या आत फोड होता, किती दिवस झाले तरी भरून येत नव्हता. त्या मिश्री लावायच्या. तशा तेव्हा सगळ्याच लावायच्या. पुढे जबड्याखाली गाठ आली, तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. तिथं फोड कापला, मानेच्या उजव्या अंगाच्या गाठी काढल्या आणि वरून विजेचा शेक दिला.

दसऱ्याच्या सुमाराला त्या परत आल्या. मी बघायला गेले. कानाच्या मागून गळपट्टीपर्यंत लांब वण, त्याच्या आजूबाजूची कातडी काळवंडलेली, उजवा खांदा खाली उतरलेला. तोंडाला ओल राहिली नव्हती, भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय उतरत नव्हती. पण डोळ्यांत तेज होतं. मला म्हणाल्या, "ये गं. नवी सून का तू? मला वळून बघता येत न्हाई, म्होरं येऊन बस."

दवाखान्यात एक व्यायाम शिकवणारी बाई होती. तिनं त्यांना सगळं करून दाखवलं होतं. मान सावकाश डावीकडे न्यायची, मग उजवीकडे. कान खांद्याकडे झुकवायचा. हनुवटी छातीला लावायची. भिंतीसमोर उभं राहून हाताची बोटं भिंतीवर चालवत वर वर न्यायची. कोमट पाण्यात पिळलेला पंचा मानेवर ठेवायचा, खोबरेलानं वण हलक्या हातानं चोळायचा. विटेचा शेक, निखाऱ्याचा शेक नको, कारण त्या कातडीला चटका कळत नाही. आणि हे रोज करायचं, जन्मभर.

"जन्मभर म्हनली ती," गोजरबाई सांगायच्या. "म्हनली, सोडलंस तर मान दगडावानी हुईल."

त्यांनी ते सोडलं नाही. गडी रानात गेले की त्या पडवीच्या भिंतीशी उभ्या राहायच्या. सुरुवातीला बोटं छातीच्या वर जाईनात. दुखायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. त्यांची धाकटी जाऊ रंगुबाई चुलीपाशी बसून हसायची. "आक्का, पालीगत चढताय की भितीवर!" तिनं बिब्बा घालायचा सल्ला दिला, विटेचा शेकही सुचवला. गोजरबाईंनी दोन्ही गोष्टींना हात जोडले. तेल लावायला मी जायचे. वणाखालची शीर ताणलेल्या दोरीसारखी लागायची. बोटांखाली ती जराशी सैल पडली की त्या "हां, तितंच" म्हणायच्या आणि डोळे मिटायच्या.

होळीपर्यंत मान बरीच मोकळी झाली. भाकरी थापताना मागच्या दारातून कोण आलं ते त्यांना मान वळवून बघता येऊ लागलं. हंडा डोक्यावर घेता येत नव्हता, तो त्या कमरेवर घ्यायच्या. उन्हाळ्यात कुरडया केल्या, मुंबईला तपासणीला जाऊन आल्या, पावसाळ्यात खुरपायला आल्या. पहाटे मान आखडायची, थंडीत जास्त. पण तासाभरात ती सुटायची. एकदा मला म्हणाल्या, "दुखनं जानार न्हाई, मला ठावं हाय. त्याच्या संगं राह्याचं म्हनलं तर राहता येतंय."

त्यांची एकुलती एक मुलगी केशर. त्या वर्षी दसऱ्यानंतर तिच्या लग्नाचं बघायला लागले. प्रवरेच्या पलीकडचं स्थळ, बागायती घर, मुलगा मॅट्रिक झालेला. मध्यस्थ होता सूर्यभान, आमच्याच वाटेवर राहणारा, सगळीकडे ऊठबस असलेला माणूस. पाहुणे बघायला येणार ठरलं, त्याच्या आधी श्रीमंतरावांनी बायकोला समोर बसवलं. त्यांचा धाकटा भाऊ सहादेवही तिथं होता. मी तेलाची वाटी घेऊन आले होते, मला कुणी जा म्हणालं नाही.

"हे बघ," श्रीमंतराव म्हणाले, "त्या दुखन्याचं नाव निघालं तर पोरगी घरात राहील. लोक म्हनत्यात ते रक्तातून उतरतं."

"डागदर म्हनला उतरत न्हाई."

"डागदर सोयरीक करनार हाय का?"

सहादेव म्हणाला, "वैनी, मान लपवायची कशी? पदर घेतला तरी खांदा दिसतोच. चालताना दिसतो, बसल्यावर दिसतो. त्यापरीस वात झालाय म्हनू. वातानं अंथरुन धरलंय. आतल्या खोलीत पडून राहायचं, अंगावर वाकळ. बाया भेटायला आल्या तरी काय बघनार?"

"किती दीस?"

"लगीन होस्तवर. लगीन झालं की तू मोकळी," श्रीमंतराव म्हणाले.

गोजरबाईंनी केशरला हाक मारली. ती उंबऱ्यात उभी होती, सगळं ऐकत. "तुजं काय म्हननं गं?"

केशर खाली बघत म्हणाली, "थोड्याच दिसांचं तर हाय, आई."

मग त्या निजल्या.

वाटलं होतं, पाहुणे आले की निजायचं आणि गेले की उठायचं. पण सूर्यभान कधीही यायचा. तिकडच्या भावकीतलं कुणी बाजाराला आलं की घर बघून जाऊ म्हणून डोकवायचं. एकदा त्या भिंतीपाशी हात वर चढवून उभ्या असताना सालगडी दारात आला. श्रीमंतरावांनी तेव्हाच सांगून टाकलं, "गडी बाजारात बोलत्यात. ते भितीवर चढनं बंद." तेव्हापासून दिवस उजाडला की वाकळ. मला तेल लावायलाही नको म्हणाले. शेजारची सून रोज मानेला काय चोळते, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं?

पहिले काही दिवस त्या वाकळेखाली मान हलवायच्या. मग दुखू लागलं. हलवलं की दुखायचं, म्हणून हलवणं कमी झालं. कमी झालं म्हणून आणखी दुखू लागलं. थंडी पडली तशी त्यांनी स्वतःच हलवायचं सोडलं. मी चोरून गेले एकदा, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. हात लावलास तरी कळ डोक्यात जाती." उशी उजवीकडे सरकवून डोकं एका अंगाला टाकून पडायच्या. कुशीवर वळायचं तर रंगुबाईला हाक मारावी लागायची. रंगुबाई यायची, पण लगेच नाही. घरची सूत्रं आता तिच्याकडे होती. पाहुण्यांना चहा तीच द्यायची, साड्या तीच निवडायची.

वैशाखात लग्न लागलं. मांडव दारातच होता. केशरच्या आईबापांच्या जागी सहादेव आणि रंगुबाई पाटावर बसले. श्रीमंतराव फेटा बांधून व्याह्यांच्या मागे-पुढे करत होते. मी आतल्या खोलीत गोजरबाईंच्या खाटेपाशी बसले होते. अक्षता पडायच्या वेळी त्यांनी मूठभर मागून घेतल्या. बाहेर "सावधान" झालं तशा त्यांनी त्या दाराच्या दिशेनं टाकल्या. हात वर गेला नाही. बऱ्याचशा अक्षता वाकळेवरच पडल्या, मी वेचून घेतल्या.

निघायच्या वेळी नवरा-नवरी पाया पडायला आत आली. मागे बायांची गर्दी. केशर खाटेच्या उजव्या बाजूला उभी राहिली. गोजरबाईंची मान डावीकडे पडलेली. त्यांनी वळवायचा प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, तोंड वाकडं झालं, पण मान वळली नाही. त्यांना समोरची भिंत दिसत होती आणि वाकलेल्या केशरचा हिरवा चुडा, तोही डोळ्याच्या कोपऱ्यातून. "इकडं ये, ह्या अंगाला ये," त्या म्हणाल्या. पण बाहेर जीप चालू झाली होती, कुणीतरी घाई केली, आणि गर्दीबरोबर केशर दाराबाहेर गेली.

पाहुणे पांगल्यावर श्रीमंतराव आत आले. "ऊठ आता. झालं सगळं."

त्या उठल्या, पण मान तशीच राहिली.

पावसाळ्याच्या तोंडाला मुंबईला तपासणीला जायचं होतं. श्रीमंतराव बरोबर गेले. तिथं काय झालं ते गोजरबाईंनी मला परत आल्यावर सांगितलं. डॉक्टरांनी तोंड बघितलं, गळा चाचपला आणि म्हणाले, आजार पुन्हा आलेला नाही. मग त्या व्यायामाच्या बाईकडे धाडलं. तिनं ओळखलं. खांद्यावर हात ठेवून मान वळवून बघितली.

"काय केलंस हे?" ती म्हणाली. "मागच्या वेळी किती चांगली वळत होती!"

"निजून हुते."

"कुणी सांगितलं निजायला?"

श्रीमंतराव पाठीमागे उभे होते. त्यांच्याकडे वळून बघणं गोजरबाईंना शक्य नव्हतं. त्या उत्तर द्यायच्या आत तेच बोलले, "वात हुता तिला, बाई. लई जोराचा वात."

"दवाखान्यात!" गोजरबाई मला सांगताना हसल्या. हसताना ओठ एकीकडे ओढला गेला. "सगळी मान कापून पाहिलेल्या मानसापुढं सांगत्यात, वात हुता."

त्या बाईनं पुन्हा सगळं शिकवलं. पण या वेळी तिनं मान दगड होईल असा धाक घातला नाही. म्हणाली, गेलेलं सगळं परत येणार नाही. जे उरलंय ते धरून ठेव.

मी पुन्हा तेलाची वाटी घेऊन जाऊ लागले. आधीची दोरी आता जाडजूड लाकडासारखी लागत होती. बोटं भिंतीवर खांद्याइतकी चढायची आणि थांबायची. खूप दिवसांनी मान थोडी सरळ झाली, नाकासमोरचं बघता येईल एवढी. उजवीकडे ती कधीच गेली नाही. चूल फुंकायला वाकता येईना, म्हणून त्या चुलीपासूनच उठल्या. तेव्हापासून भाकरी रंगुबाईच्या हातची.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. विहिरी तळाला गेल्या, लोक खडी फोडायला जाऊ लागले. अशा दिवसांत केशर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. गोजरबाईंना मांडीवरचं बाळ बघता येत नव्हतं, मान खाली होत नव्हती. कुणीतरी ते त्यांच्या तोंडासमोर धरायचं, मग त्या बघायच्या. त्यांनी कधी मागितलं नाही. कुणी धरलं तर बघायच्या.

बारशाला केशरची सासू, भीमाबाई, आली. धिप्पाड, मोकळ्या तोंडाची बाई. श्रीमंतरावांना तिच्या येण्याची धास्ती होती, कारण आता बायकोला निजवण्याची सोय नव्हती. गोजरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "मी निजनार न्हाई." त्यांनी मानेवर पदरही घेतला नाही. पडवीत उघड्यावर बसल्या.

भीमाबाईनं त्यांच्याकडे बघितलं, वण बघितला आणि जवळ येऊन बसली. "कसं काय हाय आता? दुखतंय का?"

श्रीमंतराव घाईनं म्हणाले, "वाताचं काय, कमी-जास्त चालतंय."

"कसला वात!" भीमाबाई म्हणाली. "आमाला ठावं हुतं की. सूर्यभानानं सुपारी फोडायच्या आधीच सांगितलं हुतं, मुंबईला कापलं म्हनून. आमी म्हनलं, पोरगी धडधाकट हाय, आई जगलीय, मग काय? तुमी वात म्हनला तर आमीबी वात म्हनलं. तुमाला वाईट नको वाटायला."

रंगुबाई उठून आत गेली. श्रीमंतरावांनी तोंडावरून हात फिरवला आणि मग सुटल्यासारखे मोठ्यानं हसले. "मग तर बरंच झालं की! उगंच घोर लागला हुता जिवाला."

गोजरबाई समोर बघत होत्या. भीमाबाईला म्हणाल्या, "लगनात तुमी मला बघायला आत आला हुता. वाकळ सारखी करून गेला."

"आले हुते की. कीव आली मला."

"तवा सांगितलं असतं तर मी उठले असते."

भीमाबाईनं बाळाचं टोपडं सारखं केलं.

पाहुणे गेल्यावर केशर आईच्या खोलीत आली आणि रडू लागली. मी तेव्हा मानेला तेल लावत होते. केशर म्हणाली, "आई, मला तवा अक्कल नव्हती."

"रडू नको," गोजरबाई म्हणाल्या. "दूध आटतं."

केशरनं वाटी माझ्या हातातून घेतली. कुठं दाबायचं, कसं चोळायचं ते तिला माहीत नव्हतं. बोट वणावर जोरात बसलं. गोजरबाई कळवळल्या. त्यांनी केशरचा हात धरून बाजूला केला आणि वाटी परत माझ्याकडे दिली.

त्यानंतर त्या बरीच वर्षं जगल्या. कॅन्सर परत आला नाही. झोप बसूनच घ्यायच्या, पाठीला उशांचा ढीग लावून. श्रीमंतरावांशी कामापुरतं बोलायच्या, तेही तिसऱ्याच्या नावानं, "चहा झालाय म्हनावं," असं. श्रीमंतराव मात्र शेवटपर्यंत बाजारात कुणी विचारलं की सांगायचे, तिला वात हाय.