गार पाणी आणि गॅस

नव्वदच्या दशकात मी पावणे गावातल्या एका लहानशा सोडा कारखान्यात केमिस्ट होते. पाणी थंड करायचं, दाबाखाली त्यात कार्बन डायऑक्साइड मुरवायचा, बाटलीत भरून लगेच बूच मारायचं, एवढंच काम. पाणी जितकं गार, तितका गॅस त्यात जास्त मुरतो.

एका मे महिन्यात पाणी थंड करणारं मशीन बिघडलं. सोडा मचूळ लागू लागला. मालक म्हणाले, "गॅसचा दाब वाढवा."

मी म्हटलं, "कोमट पाण्यात तो टिकणार नाही, शेठ. आणि बाटल्या जुन्या आहेत, जास्त दाब सोसायच्या नाहीत."

"मॅडम, सीझन आहे. टेन्शन देऊ नका."

त्यांनी स्वतःच दाब वाढवला. दुपारी भरताना एक बाटली फुटली. शेजारी बाटल्या तपासायला बसणाऱ्या साताऱ्याकडच्या मावशींच्या भुवईत काच घुसली. मालकांनी भरायचं मशीन बंद केलं आणि स्वतःच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. मी मागच्या सीटवर, मावशींच्या कपाळावर रुमाल दाबून बसले होते. डोळा थोडक्यात वाचला.

मावशी परत आल्या तोवर पाणी थंड करायचं नवं मशीन आलं होतं आणि भरायच्या जागेपुढे जाळीही बसली होती. मालकांनी त्यांना पॅकिंगला बसायला सांगितलं. त्या नको म्हणाल्या आणि माझ्याकडे आल्या.

"मॅडम, ती बाटली फुटली कशापायी?"

मी एक बाटली बर्फात ठेवली, एक उन्हात. थोड्या वेळाने दोन्ही उघडल्या. गार बाटली नुसती फुसफुसली, तापलेलीचा फेस आमच्या हातांवर आला. मग एका रिकाम्या बाटलीवरच्या ओरखड्यावरून त्यांचं बोट फिरवलं. "आतून जोर आला की काच इथूनच जाते."

"आस्सं व्हय," त्या म्हणाल्या आणि आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसल्या.

त्या दिवसापासून त्या ओरखडे असलेली प्रत्येक बाटली बाजूला काढू लागल्या. संध्याकाळपर्यंत क्रेटवर क्रेट साचले. मालक चिडले. "एवढ्या बाटल्या टाकल्या तर भरायचं कशात?"

"मग हितं तुमी बसा," मावशी म्हणाल्या.

मालकांनी ऑफिसात जाऊन नव्या बाटल्यांसाठी फोन लावला.