बाबी भाईंना सोडून का गेला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? — ठाऊक नाही. ऐकून घ्या, एवढंच.

गोव्यातल्या पेडण्याचे एक बांधकाम ठेकेदार होते, आम्ही त्यांना भाई म्हणत असू. मी त्यांचा सुपरवायझर. तो काळ असा, की पाळी गावाकडच्या लोखंडाच्या खाणींवर मजुरी जास्त मिळे आणि बाकीच्या ठेकेदारांचे गवंडी निम्म्या भिंतीवर थापी टाकून तिकडे पळत. भाईंचा माणूस मात्र हलत नसे. का हलावा? पावसात काम बंद पडलं की भाई सगळ्यांना आपल्या कुळागरात, सुपारी-नारळाच्या बागेत, कामाला लावत, कोणाची चूल विझू देत नसत. पेज आमच्याबरोबर, त्याच पातेल्यातली. चुकलेल्याला बाजूला घेऊन बोलत, चारचौघांत कधीच नाही. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही — हे मात्र छातीवर हात ठेवून सांगतो.

तरीही एकजण गेला. बाबी सुतार, सावंतवाडीकडचा. सेंटरिंगला, म्हणजे ओतकामाखाली फळ्या नि टेकू लावायला, त्याच्यासारखा हात नव्हता.

आमच्या गावची जत्रा होती. जत्रेतल्या नाटकाच्या रंगमंचाला भाई दरवर्षी आपल्या फळ्या नि टेकू फुकट देत. त्या वर्षी टेकू कमी पडले. आणि नाटकात राजा कोण? — मी! भर दरबारात फळ्या डगमगल्या तर गावात शोभाच झाली असती ना? डिचोलीला एका घराची गॅलरी नुकतीच ओतली होती. तिच्याखालचे टेकू काढ, असं मी बाबीला सांगितलं. काँक्रीट अजून कच्चं आहे, नको, म्हणाला तो. मी आवाज चढवला. साहेब ना मी! त्याने काढले.

जत्रा संपली त्या सकाळी गॅलरी कोसळली. खाली कोणी नव्हतं, हे दैव. घरमालक पेटला. कोणी काढले टेकू? भाईंनी सगळं स्वतःवर घेतलं, शांतपणे म्हणाले, "म्हजी चूक. हांवेंच काडूंक सांगिल्ले." आमच्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. गॅलरी पदरमोड करून पुन्हा घातली, आणि आम्हाला एक शब्द विचारला नाही.

त्या संध्याकाळी बाबी माझ्याकडे आला. "तुमी सांगा भाईंका. मी सांगलंय तर ती चुगली होतली. पण असा गप रवान माका तेंच्या तोंडाकडे बघूक जमाचा नाय."

आणि मी — मी काय म्हणालो? जास्त बोललास तर टेकू तूच काढलेस म्हणून सांगेन, अशी सरळ धमकीच दिली: "चड उलयलो जाल्यार तुवेंच काडले म्हूण सांगतलों."

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. हत्यारांची पिशवी घेऊन गेला, तो गेलाच.

भाईंना ते फार लागलं. बाबीला आपण काय कमी केलं, हेच वर्षानुवर्षं विचारत, "बाबीक हांवें कितें उणें केलें रे?" मी सांगत असे — खाणीवर जास्त मिळतं, भाई. किती सहज! अखेरच्या दुखण्यातही त्यांनी तेच विचारलं. मी तेच सांगितलं. मग त्यांनी माझा हात धरला आणि आपल्याला कधीच सोडून न गेलेला माणूस म्हणून मला दाखवत मुलाला म्हणाले, "हाका पळय. हो केन्नाच म्हाका सोडून गेलो ना."

मी हात सोडवून घेतला नाही. मुलाकडे बघून मान हलवली.