आमचं कुटुंब आणि प्रेस शॉपचा पंखा

सातपूरच्या आमच्या कंपनीत किस्से भंगारासारखे साचतात. फरक एवढाच, की भंगार न्यायला टेम्पो तरी येतो! मी स्टोअर सांभाळतो, त्यामुळे दोन्ही माझ्याकडेच जमा.

कंपनी वाढली, दुसरी शेड उभी राहिली, आणि साहेबांना कुणीतरी सांगितलं की आता 'पॉझिटिव्ह कल्चर' पाहिजे. पत्रा दाबायची मशीन जिथे आहेत त्या प्रेस शॉपचा मोठा एक्झॉस्ट पंखा होळीपासून बंद पडलेला. तो राहिला बाजूला, पुण्याहून कल्चर मॅडम आल्या.

*

पहिल्याच मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं, "काय मिळालं तर तुम्ही आनंदी व्हाल?"

"पंखा!" अख्खी प्रेस शॉप ओरडली.

"वस्तू नको हो. काहीतरी भावनिक सांगा."

मागून सुरगाण्याचा गावित उठला. "पंखा नाय म्हणून रडू येतं, मॅडम."

मॅडमनी ते लिहूनही घेतलं!

*

मग फतवा निघाला. साहेब-बिहेब बंद, सगळ्यांनी एकमेकांना नावाने हाक मारायची. आपण एक कुटुंब आहोत!

साहेब राउंडला आले, तसा गावित प्रेसवरूनच ओरडला, "ए शिरीष, पंखा कधी लावतो रे?"

संध्याकाळी नवी सूचना लागली. कुटुंब फक्त ऑफिस स्टाफपुरतं होतं.

*

मे महिन्यात गावितला प्रेस चालवता चालवता चक्कर आली. नशीब, हात वाचला. मला वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल. दुसऱ्या दिवशी काय आलं? मेडिटेशन! तेही त्याच शेडमध्ये, तापलेल्या पत्र्याखाली.

"श्वासावर लक्ष द्या," मॅडम म्हणाल्या.

"तोच तर शोधतोय," गावित म्हणाला.

सगळे हसले. माझं मात्र टाळकं फिरलं होतं. माणसाचा हात जाता जाता राहिला आणि हे डोळे मिटायला शिकवतात!

*

पुढची आयडिया वाढदिवसाची. ज्याचा असेल त्याने एसी कॉन्फरन्स रूममध्ये केक कापायचा. एक जूनला जवळपास अख्खी प्रेस शॉप तिथे हजर! शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांची तीच तारीख टाकलेली. केक केव्हाच संपला, पण एसीखालून कुणी उठेना.

"सगळे एकाच दिवशी कसे जन्मलात?" साहेब कडाडले.

"कुटुंब हाय ना, साहेब," गावित म्हणाला.

*

खंडेनवमीला पोरांनी सगळी मशीन धुऊनपुसून काढली, हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. साहेब एकेका प्रेसला नमस्कार करत चालले होते. मागून मॅडम मोबाईलवर शूटिंग करत होत्या, कंपनीच्या पेजवर टाकायला.

शेवटी साहेब पंख्यापाशी थबकले. पंख्याखाली उदबत्ती लावलेली, आणि वर, भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोला घालतात तसला चंदनाचा हार.

"याला हा हार कुणी घातला? झेंडू संपला का?"

गावितने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"झेंडू चालू मशीनला असतो, साहेब."