आम्हा दोघांची पाण्यातली बॅटरी

आमच्यात नवं जाळं घेतलं की त्याला हळद-कुंकू लावतात आणि नवरा-बायको दोघं मिळून ते पहिल्यांदा पाण्यात सोडतात. एकट्यानं सोडलेलं जाळं कोणी चांगलं मानत नाही. आम्ही पाण्याखाली उजेड पाडायची बॅटरी घेतली तेव्हा तिलाही तसंच तलावात सोडलं. तिच्या दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं, एक ह्यांच्या हातात. तलाव झाला होता, समुद्र राहिला होता. तिथंही दोघांनीच सोडायची, असं ठरलं होतं.

हे टुरिस्टची गाडी चालवतात. नागभीडहून नागपूर, नागपूरहून सवाऱ्या घेऊन कधी पचमढी, कधी कोकण. मालवणला लोक पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरतात, त्याला स्कुबा म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं. पोहता येत नसलेली माणसंसुद्धा उतरतात म्हणे. सवाऱ्या उतरायच्या आणि हे काठावर गाडीत बसून राहायचे.

"काऊन जी, तुमी नाई उतरले?" मी विचारलं होतं.

"तुह्याबिगर? तू तं मासोळी हायेस. पहिल्यांदा उतरू तं दोघं संगच. नाई तं मी उतरणारच नाई."

माझं माहेर तलावाच्या काठावर आहे. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, पण शाळेच्या आधीपासून पाण्यात होते. कमळाचे कांद काढायला बुडी मारायची, चिखलात हात घालून कांद ओढायचा आणि वर यायचं. तळाशी गेल्यावर कान बंद होतात, आणि वरचं कोणाचं बोलणं ऐकू येत नाही. ते मला फार आवडायचं. लग्न झाल्यावर ते सुटलं. सासरी मला कोणी मना केलं नव्हतं. पण सासरच्या बायका काठावर मासे निवडतात, पाण्यात उतरत नाहीत. चार लोकांसमोर ओल्या लुगड्यानं बाहेर येणं मला जमलं नाही. लोकांसमोर मला बोलताही येत नाही. समुद्रावर मला कोण ओळखणार? मला पुन्हा एकदा तळाशी जायचं होतं. एवढंच होतं.

बॅटरीची गोष्ट मालवणच्या नाववाल्यानं काढली. खाली गेलं की लाल रंग दिसतच नाही, सगळं हिरवट-निळं होतं, बॅटरी मारली तर खरे रंग दिसतात, असं त्यानं ह्यांना सांगितलं. त्याच्याकडे द्यायला बॅटऱ्या नव्हत्या. स्वतःची आणायची, मनगटाला बांधायची, आणि सुटली तर तिच्या मागे जायचं नाही, एवढी अट होती. हे म्हणाले, "कोणती बॅटरी घ्याची ते तू पाह्य. मले तेवढा दम नाई."

पहिली आम्ही बाजारातून घेतली. विकणारा म्हणाला, वॉटरप्रूफ आहे, चिंता नाही. मी घरी आणून बादलीत बुडवली. आतून बुडबुडे आले, उजेड पिवळा झाला आणि गेला. पुढच्या बाजारी परत द्यायला गेलो तर तो हसायला लागला.

"पावसाचं वॉटरप्रूफ म्हटलं बाप्पा! बुडवाले कोणं सांगतलं? मासोळ्यायले उजेड दाखवून राह्यले काय?"

आजूबाजूचे लोक हसले. मी ह्यांच्या पाठीमागे सरकले. पण तेव्हापासून मी दुपारी ह्यांच्या फोनवर बॅटऱ्यांचे व्हिडिओ बघायला लागले. बोलणारे हिंदीत बोलायचे, कळायचं. थोड्या दिवसांत मला समजलं की उजेडाचा मोठा आकडा बघून स्वस्त बॅटरी घ्यायची नाही, तो आकडा बहुतेक खोटा असतो. आधी बघायचं, किती मीटर खोल चालते ते लिहिलंय का. नुसतं पाणी लागलं तर चालते असं लिहिलं असेल तर सोडून द्यायची. मग बघायचं, अंगाला भोकं किती. चार्जिंगची पिन बॅटरीतच खोचायची असेल तर तिथं एक भोक, दाबायचं बटण असेल तर तिथं एक. काही बॅटऱ्यांचं बटण वरून सरकतं, आत लोहचुंबक असतो, त्याला भोकच लागत नाही. सेल बाहेर काढून चार्ज होणारा हवा, आणि तो नागपूरला मिळणारा हवा. झाकणाखाली रबराची एक चकती असते, दोन असल्या तर बरं. त्या चकतीवर केस जरी अडकला तरी पाणी आत जातं.

आणि झोत. हे म्हणायचे, पसरट उजेड घे, सगळं दिसेल. मी म्हटलं, थंडीत धुक्यात गाडीचा मोठा लाइट लावता तेव्हा काय होतं? समोर पांढरी भिंत दिसते. गढूळ पाण्यातही तेच होणार. झोत बारीकच पाहिजे.

"बापा! गाडी मी चालवतो का तू?" ते म्हणाले. पण बारीक झोताचीच मागवली. त्यातल्या त्यात स्वस्त होती, तरी त्या वर्षी दिवाळीला मी लुगडं घेतलं नाही.

ती आली तेव्हा आधी सेल काढून ठेवला. आत कोरड्या कागदाची घडी घातली, झाकण आवळलं, दगड बांधून तलावात सोडली. दोरी दोघांनी धरली, ते वर सांगितलंच. संध्याकाळी काढली तर कागद कोरडा होता. हे झाकणाला गाडीचं ग्रीस लावायला निघाले होते, मी हातातून डबी ओढून घेतली. ते ग्रीस रबर खातं. त्याच्यासाठी वेगळं, पांढरं मिळतं.

त्या पौषात ह्यांना कोकणाची सवारी लागली. माझं जाणं उन्हाळ्याआधीच्या फेरीत ठरलं होतं, गाडीत जागा असेल तेव्हा. हे म्हणाले, "बॅटरी देजो. नाववाल्याले दाखवतो, चालते का पाहू." मी फडक्यात गुंडाळून दिली.

आले तेव्हा पिशवीतून काढून माझ्या हातात दिली. "येळच नाई भेटला. पिशवीतच राह्यली." मी बरं म्हटलं. जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी सेल काढायला झाकण फिरवलं तर ते करकर वाजलं. सरकणाऱ्या बटणाखाली बारीक वाळू होती. झाकणाच्या आट्यांमध्ये पांढरं बसलं होतं, पिठासारखं. मी बोट लावून जिभेला लावलं. खारट.

आमच्या तलावाचं पाणी गोडं. जाळं असो, डोंगा असो, बाहेर काढलं, उन्हात टाकलं, झालं. धुवायची आम्हाला सवयच नाही. समुद्रातून आलेली वस्तू गोड्या पाण्यात भिजवून ठेवायची असते, हे मी व्हिडिओत ऐकलं होतं. ह्यांना सांगायचं मला सुचलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी धुतली असती आणि मला काही कळलं नसतं.

मी विचारलं. म्हणाले, नावेत पाणी उडलं असन. उडालेल्या पाण्यानं वरचं अंग पांढरं झालं असतं. हे आट्यांच्या आत होतं. पण मी मान हलवली. खरं सांगते, मला ते मानायचंच होतं. बॅटरी बादलीत भिजत घातली आणि दिवसभर स्वतःला समजावत राहिले.

मग आठवड्याच्या आत ह्यांच्या फोनवर सवाऱ्यांनी पाठवलेला व्हिडिओ आला. फोन माझ्याच हातात होता. नाव डोलत होती. हे काळा तंग सूट घालून नावेच्या काठावर बसलेले, मनगटाला माझी बॅटरी. कोणी तरी विचारलं, "भाऊ, वहिनींना नाही आणलं?"

हे हसून म्हणाले, "तिले? तिले पाण्याचं लय भेव. घरच्या बादलीतच भेते ते!"

सगळी नाव हसली. मग हे मागच्या मागे पाण्यात पडले आणि बुडबुडे वर आले.

मी तो दोनदा बघितला. संध्याकाळी हे आले तेव्हा व्हिडिओ लावून फोन समोर धरला.

"अवं, हसीमजाकीत बोललो," ते म्हणाले. "एवढं काय मनावर घेऊन राह्यली?"

"हसीमजाकीत उतरले बी काय जी?"

"एकाची तब्येत बिघडली, जागा खाली झाली. लोक मांगंच लागले."

"आन् भेव? ते कोणाचं सांगतलं?"

त्यांना राग आला. "मंग काय सांगू? तू चार लोकांत तोंड उघडत नाईस. तिथी असे तंग कपडे घालाव लागते. परका माणूस हात धरून खाली नेते. जमलं असतं तुले? मी तुह्याच भल्याचं पायलं."

मला बोलायला वेळ लागतो. उत्तर नंतर भांडी घासताना आलं, पण ते तोवर टीव्हीसमोर बसले होते. जमलं नसतंही कदाचित. नावेत उभी राहून मी रडले असते, परत न्या म्हटलं असतं. पण ते तिथं उभं राहून माझं मला बघायचं होतं. ह्यांनी ते माझ्यासाठी इथूनच ठरवून टाकलं, आणि वर लोकांना कारणही देऊन टाकलं. एकट्यानं उतरले याचं दुःख मी गिळलं असतं. जिनं शाळेच्या आधी तलावाचा तळ बघितला तिला पाण्याचं भेव, हे माझ्या घशाखाली जात नाही. आणि माझी बुडी कशी असते हे त्यांना ठाऊक आहे. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला तलावातच बघितलं होतं.

होळीच्या आधी फेरी निघाली. हे म्हणाले, "चाल आता. तुही जागा ठेवली हाये." आवाज गोड होता. मी नाही म्हटलं. दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं केलं बाई, पाण्याचा काय भरोसा." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी नाही म्हणून ह्यांचंच बोलणं खरं केलं. गेले असते तर उष्ट्या पाण्यात गेले असते. नाही गेले तर भित्री. तिसरी जागा ह्यांनी माझ्यासाठी ठेवली नव्हती.

परवा नणंद आली. हे, ती आणि सासरे जेवायला बसले होते, मी भात वाढत होते. नणंदेला व्हिडिओ कोणी दाखवला माहीत नाही. म्हणाली, "काय व वहिनी, काऊन नाई गेली? लहान लहान पोरं उतरतात अन् तू भेतेस? दादा व्हिडिओत सांगत होता, बादलीलेही भेते म्हणून."

सासरे हसले. हे ताटात बघत होते. मला वाटलं, आता तरी बोलतील. गंमत केली होती, ती माझ्याहून खोल जाते, असं काहीतरी. मी पळी हातात धरून थांबले.

ते वरण कालवत राहिले.

"हो बाई," मी म्हटलं, "लय भेव लागते मले."

ह्यांचा हात ताटात थांबला. मी त्यांच्या पानात भात वाढला आणि नणंदेला विचारलं, अजून देऊ का.